आपली वाटी आधी काढा

"ताई, मी चोपडा तालुक्यातली. वय ४१. फेब्रुवारीत नाशिकला वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, स्लीव्ह म्हणतात ते. ११२ किलोची होते, आता ९६ आहे. थायरॉइडची गोळी चालू आहे. दहा आठवडे झाले, आता हळूहळू साधं जेवण सुरू करा असं सांगितलंय. पण दवाखान्याच्या तक्त्यात टोफू, किनोआ, अव्होकाडो असलं लिहिलंय, ते आमच्याकडे मिळत नाही. घरात नऊ माणसं, अंडं-मटण चालत नाही. सगळ्यांचा स्वयंपाक करून माझं वेगळं करायचं म्हणजे दिवस गॅसपाशीच जातो, मग बेकरीतलं कडक बटर चहात बुडवून खाते आणि वेळ मारून नेते. परवा भाकरी खाल्ली तर छातीत अडकली आणि उलटी झाली. प्रोटीन पावडरचा वास सहन होत नाही. केस मुठीने गळताहेत. सासूबाई म्हणतात, चार घासांवर माणूस जगतं का? आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी शिंदखेड्याकडे जायचंय. आई तर ऐकणारच नाही. रोजचं खाणं कसं बसवू?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले: "सगळ्यांचा स्वयंपाक करून माझं वेगळं करायचं." बाकीच्या बऱ्याचशा अडचणी इथूनच निघाल्यात. तुम्ही वेगळं शिजवूच नका. नऊ जणांसाठी जे शिजतंय त्यातूनच तुमची वाटी निघू शकते, फक्त ती कधी काढायची हे आधी ठरवायला हवं. वरणाला फोडणी बसायच्या आधी. रश्श्यात तिखट आणि काळा मसाला पडायच्या आधी. पुरणाच्या डाळीत गूळ जायच्या आधी. आणि घरातली माणसं पाटावर बसायच्या आधी. हे शेवटचं सगळ्यात अवघड जाईल, त्याबद्दल पुढे बोलते.

स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. तिच्यात एका वेळी साधारण १०० ते १५० मिली मावतं, म्हणजे आपली आमटीची लहान वाटी. इतकीच जागा असेल तर तिच्यात पहिला कोण बसतो याला महत्त्व येतं. तुमच्या शरीराला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत तर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, जिना चढताना पाय लटपटतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून क्रम एकच: आधी डाळ, पनीर, दही. मग भाजी. भाकरी सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. लहानपणापासून आपण आधी भाकरी मोडतो आणि तिला लावून भाजी खातो. ही सवय उलटी करायची आहे.

तक्ता लिहिणाऱ्याचं तत्त्व बरोबर आहे, पण त्याने तुमचं घर पाहिलेलं नाही. त्या टोफूचं काम करणारे पदार्थ तुमच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या होताहेत. फुणके घ्या. भिजवलेली डाळ जाडसर वाटायची, कांदा-कोथिंबीर घालून मुटके वाफवायचे, वर कढी ओतायची. तेलात तळणं नाही, मैदा नाही, मऊ आणि ओलसर. ऑपरेशननंतर अडीच-तीन महिन्यांच्या पोटासाठी याहून चांगलं काय सांगू? तुमच्या वाट्याचे दोन फुणके मिरची घालायच्या आधी वळा, कढीत चांगले कुस्करा आणि चमच्याने खा. ३० ग्रॅम डाळीचे झाले तर ७ ग्रॅम प्रथिनं त्यातच मिळाली. डुबुकवडे आणि पातोड्याही चालतील, कारण बेसन रश्श्यात किंवा वाफेवर शिजतं. शेवभाजीची गोष्ट वेगळी. तिच्यातली शेव तळलेली आणि वर तेलाची तर्री, ती अजून काही महिने लांबच ठेवा. घरात शेवभाजी व्हायची असेल त्या दिवशी तुमच्या वाटीत आदल्या वेळचं घट्ट वरण किंवा पनीर असू द्या.

वरण-बट्टीचा बेत असेल तर वरण तुमचं, बट्टी त्यांची. उडदाची डाळ पातळ न करता घोटून घ्या. मटकीला मोड आणून ती मऊ शिजवा, पहिले काही दिवस ठेचून खा, नाहीतर साल टोचतं आणि गॅस धरतो. सोयाबीनच्या वड्या तुमच्या गावच्या किराणा दुकानातही असतील. १५ ग्रॅम कोरड्या वड्यांत ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. त्या भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढल्या की कुठल्याही भाजीत मिसळून जातात. घरच्यांना कळणारही नाही, आणि खरं तर त्यांनाही त्या बऱ्याच.

आता भाकरी का अडकली ते बघू. तीन कारणं असतात आणि बहुतेक वेळा तिन्ही एकदम येतात: घास मोठा, घास कोरडा, आणि भूक लागलेली असल्यामुळे घाई. ज्वारीची भाकरी चालेल, पण आज तिचा पापुद्रा घ्या, मधला जाड भाग नको. तो पापुद्रा वरणात दहा मिनिटं भिजू द्या, मग खा. पोळीपेक्षा भाकरी बरी, कारण पोळीचा चावून गोळा होतो आणि नळीच्या तोंडाशी बसतो. भाताचंही तसंच. खिचडी खायची असेल तर तांदूळ निम्मे आणि मुगाची डाळ दुप्पट, आसटच. आणि पीठ दळायला देताना कळणा दळून आणा, ज्वारीत किंवा बाजरीत अख्खे उडीद घालून. साध्या भाकरीपेक्षा कळण्याच्या भाकरीत प्रथिनं जास्त, आणि ती तर आपल्याकडे घरोघरी होते. पाव भाकरीच्या पुढे मात्र सध्या जाऊ नका.

चमचा लहान घ्या, बाळाला भरवायचा असतो तसा. घास वीस-पंचवीस वेळा चावा. घास गिळला की चमचा खाली ठेवा. एक वाटी संपायला वीस मिनिटं लागली पाहिजेत, अर्ध्या तासापुढे मात्र बसून राहायचं नाही. पोट भरल्याची खूण आता पूर्वीसारखी येणार नाही. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाचं नाक गळायला लागतं, कुणाला छातीच्या मधोमध दाब वाटतो. तुमची खूण कोणती ते चार दिवसांत कळेल. ती आली की पुढचा घास नाही, वाटीत दोनच चमचे उरले असले तरी.

एक दिवस कसा दिसेल ते सांगते. पहाटे साडेपाचला उठता असं धरते. थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर तेव्हाच, आणि तासभर दुसरं काही नाही. सातच्या सुमाराला मुगाच्या डाळीचं एक लहान, मऊ धिरडं, त्यात ३० ग्रॅम पनीर किसून. एवढ्यात १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. साडेदहाला साय काढलेलं एक पेला दूध, त्यात सहा-सात ग्रॅम. दुपारी बाराला घट्ट वरणाची वाटी किंवा फुणके, सोबत दोन चमचे मऊ भाजी, दुधी, गिलकं, पालक जे असेल ते, आणि थोडं पनीर. पाच वाजता चक्का, म्हणजे फडक्यात टांगलेलं दही, साखर न घालता, जिरेपूड आणि मीठ लावून. १०० ग्रॅम चक्क्यात सात-आठ ग्रॅम मिळतात. साडेसातला मटकीची उसळ किंवा सोयावडी घातलेली भाजी, पापुद्रा भाकरीचा. झोपायच्या दोन तास आधी जेवण संपलेलं असावं, कारण स्लीव्हनंतर आंबट पाणी वर येण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि आडवं झालं की तो वाढतो. ठेचाही त्याच कारणाने सध्या नको. पुढे जेवण अंगवळणी पडलं की थोडा-थोडा लावून बघा. ठेच्याशिवाय आपल्याकडच्या माणसाला जन्म काढायला मी सांगणार नाही.

या सगळ्याची बेरीज केली तर ५० च्या आसपास जाते. म्हणून पावडर इतक्यात सोडू नका, ताई. शाकाहारी घरात, इतक्या लहान पोटाला, तिसऱ्या महिन्यात नुसत्या जेवणातून ६० गाठणं फार थोड्या जणींना जमतं. तुम्हाला वास येतो तो बहुधा तिच्यातल्या व्हॅनिला-चॉकलेटच्या स्वादाचा. बिनस्वादाची पावडर मागवा आणि अर्धं माप माठातल्या पाण्याने केलेल्या गार ताकात, जिरं आणि सैंधव घालून घुसळा. गरम दुधात टाकली की गुठळ्या होतात आणि वासही वाढतो. सहा महिन्यांनी जेवणाचं प्रमाण वाढेल, तेव्हा ती कमी करण्याचं बोलू.

हे रोज सकाळी उठून ठरवायला बसलात तर थकाल. रात्री ओटा पुसताना एकच प्रश्न विचारायचा: उद्या डाळ कोणती? मूग ठरला तर तो भिजत टाका. फुणके ठरले तर तूर आणि हरभरा. दही टांगून ठेवा. बास, उद्याची आखणी झाली. भाजी काय ती घरच्यांच्या मर्जीने होऊ द्या.

पाण्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तुमच्याकडे आता पारा ४४-४५ ला टेकतो. या ऑपरेशननंतर माणूस पुन्हा दवाखान्यात भरती होतो त्याच्या नेहमीच्या कारणांत अंगातलं पाणी कमी होणं हे एक मोठं कारण आहे. पूर्वीसारखा तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिणं आता जमणार नाही, म्हणून पाणी दिवसभरात पसरायचं. एक लिटरची बाटली सोबत ठेवा, दर चार-पाच मिनिटांनी एक-दोन घोट. दिवसाला दीड लिटर तरी, या उन्हात दोनच्या जवळ. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी पंधरा मिनिटं नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. ताक, मीठ घातलेलं लिंबूपाणी हे सगळं पाण्यातच धरा. उसाचा रस, सोडा, थंड पेयं यांना मात्र पूर्ण नकार. लघवी गडद पिवळी झाली, चक्कर आली, जीभ कोरडी पडली तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका.

चहा-बटरचं काय? तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, कारण बरेच जण हे लपवतात. बटर चहात बुडवलं की विरघळतं, नळीतून सरळ खाली उतरतं, पोट भरत नाही आणि म्हणून चार बटरं कधी गेली ते कळत नाही. खारी, फरसाण, वेफर्स यांचंही तेच. दोन वर्षांनी वजन पुन्हा चढलेल्या ज्या बायका मी पाहिल्यात, त्यांच्यातल्या फार थोड्यांनी पोटभर जेवून ते वाढवलं होतं. बाकीच्यांनी येता-जाता तोंडात टाकून वाढवलं. आणि सध्या तर कुरडया-बिबड्यांचे दिवस. गच्चीवर पाच-सहा जणी जमल्यात, गव्हाचा गरम चीक पातेल्यात आहे, वाटीत घेऊन चाखला जातोय. मला तो चीक किती आवडतो ते माझ्या घरी विचारा. तुम्ही कुरडया घालायला जरूर जा, पण आपली वाटी खाऊन जा, आणि चीक चाखायचाच तर दोन चमचे घेऊन वाटी खाली ठेवा. केळीचंही सांगून टाकते. घरच्या बागेतलं अर्धं केळं चालेल, डाळ-दही खाऊन झाल्यावर. शिकरण नको.

गोळ्या आता आयुष्यभराच्या सोबती आहेत. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२, लोह. मात्रा तुमचे डॉक्टर रक्त बघून ठरवतील, मी फक्त वेळा जुळवून देते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम लोहाला अडवतं, त्यांच्यात दोन तास तरी. म्हणून कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर, आणि लोहाची गोळी, त्याबरोबर लोह असलेली मल्टिव्हिटॅमिनही, दुपारी तीनला लिंबूपाण्यासोबत. त्यानंतर तासभर तरी चहा नाही, चहामुळे लोह अंगी लागत नाही. अंगदुखीच्या, डोकेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून मनाने आणू नका. त्यातल्या काहींनी जठरात जखम होते. सर्जनला विचारून कोणती चालते ते एकदा लिहून घ्या.

केसांना घाबरू नका. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते बऱ्याच जणींचे गळतात. शस्त्रक्रियेचा आणि झपाट्याने उतरणाऱ्या वजनाचा धक्का शरीर असं दाखवतं. बहुतेक जणींचे परत येतात. पण प्रथिनं आणि लोह कमी पडलं तर गळणं लांबतं, म्हणून तीन महिन्यांची रक्ततपासणी चुकवू नका. ती झाली की पुढची सहाव्या महिन्यात, मग वर्षाने, आणि पुढे दरवर्षी. जाहिरातीतल्या तेलात पैसे घालण्यापेक्षा त्यात घाला.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. एखादा घास अडकून उलटी होणं वेगळं. पण पाण्याचा घोटही दिवसभर ठरत नसेल, उलट्या दोन-तीन दिवस चालल्या असतील, पोटात जोराची कळ किंवा ताप असेल, शौच काळी होत असेल, तर सरळ डॉक्टर. गावात सलाईन लावून घेण्याची आपली रीत आहे, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा की माझं वजनाचं ऑपरेशन झालंय आणि मला बरेच दिवस उलट्या होताहेत. अशा वेळी शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपत येतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते. बी-१ आधी किंवा सोबत द्यावं लागतं. पायांना मुंग्या, एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं ही त्याची लक्षणं. त्यासाठी एक दिवसही थांबू नये.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मला टोमणा वाटत नाही. आयुष्यभर ज्यांनी माणसांना जेवू घातलं त्यांना चार घासांची वाटी बघून धसकाच बसणार. त्यांच्या हाती काहीतरी द्या. "दही टांगायचं काम तुमचं," असं म्हणा. वाटी त्यांच्या हाताने भरून घ्या, किती भरायची ते दाखवून. ज्यांना आपण काम देतो ती माणसं विरोध कमी करतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

आणि तुमच्या जेवणाची वेळ. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला दिसतंय. सगळ्यांची पानं उठल्यावर, अडीचला, ओट्याशी उभ्याने, पातेल्यात उरलं ते. पोरांच्या ताटातली अर्धी पोळीसुद्धा, टाकवत नाही म्हणून. माझी आई अशीच जेवायची. ऑपरेशनआधी हे चाललं असेल, आता चालणार नाही. उपाशी राहून अडीचला बसलात तर घाई होणार, घाई झाली की अडकणार, अडकलं की उलटी, आणि मग चहा-बटर. बारा वाजता बसायचं, खाली पाट किंवा खुर्ची घेऊन, आणि वीस मिनिटं कुणालाही पोळी वाढायला उठायचं नाही. वाढायला घरात अजून आठ माणसं आहेत. हे तुमच्या यजमानांनी एकदा सगळ्यांसमोर बोलून दाखवावं. हे पत्र त्यांना द्या.

आखाजीला जरूर जा. गौराई, झोका, मैत्रिणी, हे वर्षातून एकदाच येतं. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस समोर येईल. पूर्ण बंदी मी घालत नाही, पण रसाची वाटी तोंडाला लावू नका. एवढा गोडवा एकदम आत गेला तर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते, जुलाब होतात. वजनासाठी जठराचं बायपास ऑपरेशन झालेल्यांना हे जास्त होतं, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. पुरणाला डाळ शिजली की गूळ पडायच्या आधी तुमची अर्धी वाटी बाजूला काढायची, चांगली घोटायची, जिरं, मीठ, लिंबू. ती आधी. मग पोळीचे दोन घास, रसाचे दोन चमचे, आणि उठायचं.

आई म्हणेल, "आखो थोडंसं ले ना व माय," अजून थोडंसं घे ना. तिला सांगा, "आते पोट भरनं, मंग खासू." हे खोटं नाही, दोन तासांनी तुम्हाला खरंच चक्का खायचा आहे. आणि निघायच्या दोन दिवस आधी तिला फोन करा, तूर आणि हरभऱ्याची डाळ भिजत घालायला सांगा, फुणके मला तुझ्याच हातचे पाहिजेत म्हणा. तिला लेकीसाठी काहीतरी करायचंच आहे, तर ते करू द्या.